दुपारनंतर तिरकं जाणारं मशीन

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७

नवं मशीन आलं. टेलिहँडलर म्हणे. नावातच नखरा. चार भली मोठी चाकं, कडेला केबिन आणि मधोमध एक लांब हात, तो पुढे पुढे सरकत जातो. ट्रेलरवरून उतरवताना सगळी साइट आ वासून बघत होती. मी बघितलं नाही. चहाचा कप घेऊन दोनदा तिकडून गेलो, तेवढंच.

सुपरवायझरने जाहीर केलं की माझी फोर्कलिफ्ट ३१ तारखेला जाणार. एकोणीस वर्षं चालवतोय तिला. चिखल, खडी, खड्डे, काय वाट्टेल त्यातून. नव्या मशीनला ऑपरेटर एकच लागणार. उमेदवार दोन, मी आणि ती चष्मेवाली. २२ तारखेला शनिवारी परीक्षा. लाकडी फळ्यांवर रचलेलं विटांचं पॅलेट उचलायचं, इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या बोळातून मागच्या अंगणात न्यायचं, तिथे वळायचं आणि तिसऱ्या मजल्यावर ठेवायचं. जमेल त्याची सीट. नाही जमणार त्याच्यासाठी दुसरं काहीतरी काम बघू म्हणाला.

परीक्षा! आणि माझी!

चष्मेवालीबद्दल लिहून ठेवतो. दोन वर्षं गोदामाच्या गुळगुळीत फरशीवर छोटी फोर्कलिफ्ट फिरवली, की झाली ऑपरेटर. खिशात कायम वही. मला काका म्हणते. मी कुणाचा काका नाही.

घरी हिला सांगून टाकलं की सीट माझी झाली. ही म्हणाली, पण परीक्षा व्हायचीय ना अजून? बायकोला सगळं कळतं, फक्त मशीन कळत नाही.

४ मार्च, मंगळवार. दुपारी

कंपनीचा माणूस शिकवायला आला. इस्त्रीचा शर्ट. बुटांना चिखल नाही. असल्याकडून काय शिकायचं, पण बसलो.

सार असं: स्टीअरिंगच्या तीन तऱ्हा. एक, फक्त पुढची चाकं वळतात, जसं देवाने ठरवलंय तसं. दोन, चारही वळतात, मागची उलट बाजूला. मग हे एवढं धूड बसल्या जागी गिरकी घेतं. तीन, चारही एकाच बाजूला वळतात आणि मशीन खेकड्यासारखं तिरकं सरकतं. तिन्हींना एक बटण. चाकांना जोडणारा ॲक्सल खड्ड्यात झुलतो, त्यामुळे चारही चाकं जमिनीला टेकलेली राहतात. माझ्या फोर्कलिफ्टमध्ये ती सोय नव्हती, तिथे माझी कंबर झुलायची. शिवाय हात जितका लांब काढाल तितकं वजन कमी उचलायचं, त्याचा एक तक्ता. यालाही तक्ता! पाण्याची बादली हात लांब करून धरून बघा, कळेल.

एका तऱ्हेतून दुसऱ्या तऱ्हेत कसं जायचं हे तो सांगायला लागला तेव्हा मी चहाला गेलो. बटण दाबायचं, त्यात सांगण्यासारखं काय आहे? परत आलो तर चष्मेवालीची दोन पानं भरलेली. हसू आलं.

५ मार्च, बुधवार

संकल्प: १) रोज दुपारी दोन तास सराव. २) मॅन्युअल वाचायचं. ३) साखर बंद.

मॅन्युअल दोनशे चौदा पानांचं आहे. ज्यांच्या हातात काही नाही त्यांच्यासाठी छापतात ही असली पुस्तकं. संकल्प दोन रद्द. एकट्या साखरेने काय होणार, म्हणून संकल्प तीनसुद्धा रद्द. संकल्प एक मात्र पक्का.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळी

वाटणी झाली. सकाळी चष्मेवाली, दुपारी मी.

पहिल्यांदा बसलो. छान आहे हो सीट. उंच, काचा चारी बाजूंनी, पाठीला टेकू. सगळी साइट पायाखाली दिसते. सिमेंटवाला गडी खालून बघत होता, मी मान हलवली फक्त. वीस मिनिटं पुढच्या चाकांवर चालवलं, लोण्यासारखं. मग खेकडा-चाल करून बघितली. उजवीकडे तिरकं सरकत थेट वाळूच्या ढिगाला चिकटून उभं केलं. टाळ्या वाजवाव्यात असं काम. वाजवल्या नाहीत कुणी. मत्सर.

मग बटण दाबून पुन्हा साध्या चालीवर आलो आणि मशीन जागेवर नेऊन लावलं. जाताना जरा डावीकडे ओढत होतं. नवं आहे. अंग मोकळं व्हायला वेळ लागतो.

७ मार्च, शुक्रवार

मशीनमध्ये दोष आहे.

सुरुवातीला ठीक चालतं. नंतर, खेकडा-चालीचा सराव करून झाल्यावर, साधारण साडेतीनच्या पुढे, नाक डावीकडे ओढतं आणि ढुंगण उजवीकडे बाहेर काढून चालतं. स्टीअरिंग अर्धा फेरा उजवीकडे दाबून धरलं तर सरळ रेषेत जातं, पण अंग तिरकंच. नवं कोरं मशीन आणि चाल अशी! कारखान्यात कुणीतरी झोपा काढल्यात.

चष्मेवालीला विचारलं. म्हणाली, सकाळी तर अगदी सरळ जातं, काका.

म्हणजे हिला कळलंच नाही. सरळ आणि तिरकं यातला फरक गोदामात कुठून कळणार.

१० मार्च, सोमवार. सायंकाळी ६

रविवारभर विचार केला. उलगडलं.

ऊन!

सकाळी गारवा असतो, लोखंड जागेवर असतं, मशीन सरळ जातं. दुपारी ऊन तापतं, मागचा ॲक्सल फुगतो आणि वाकतो. संध्याकाळी मी लावून जातो, रात्रभर ॲक्सल थंड होतो, सकाळी पुन्हा सरळ. इतकं साधं. एवढे इंजिनिअर बसलेत कंपनीत, एकाच्या तरी डोक्यात आलं का?

चष्मेवाली जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम माझ्याकडे आली. मागची चाकं आधी सरळ करून घ्यायची आणि मगच बटण दाबायचं, असं काहीसं सांगत होती. बारा दिवसांवर परीक्षा आणि ही मला शिकवायला निघाली. मी म्हटलं, बाई, तुझं तू बघ. ती निघून गेली. डबा मात्र माझ्याच बाकावर विसरली. परत नेऊन दिला. माणुसकी आहे माझ्यात.

११ मार्च, मंगळवार

मागचं अंगण उताराचं आहे. या मशीनला एक खुंटी आहे, ती दाबली की चाकं उतारावर राहतात आणि वरचं सगळं अंग सपाट होतं. समोर गवंड्याच्या लेव्हलसारखा बुडबुडा, तो मधे आणायचा आणि मगच हात वर न्यायचा. चष्मेवाली रोज हे करते. बुडबुडा डावीकडे, बुडबुडा उजवीकडे. तेवढ्यात माझी एक खेप होते.

माझी पाठ हाच माझा बुडबुडा. बुडबुडा न बघता सिमेंट वर नेलं. तीन पोती पडली.

पोत्यांची शिवण कच्ची होती.

१२ मार्च, बुधवार. रात्री

घरून ताप बघायचा थर्मामीटर आणला. दुपारी ४.०५ ला ॲक्सलला लावला. शंभराच्या वर गेला. मशीन तिरकं. पुरावा मिळाला.

हिने संध्याकाळी थर्मामीटर शोधला. ग्रीस लागलेला बघून साबणाने तीन वेळा धुतला.

१३ मार्च, गुरुवार

कंपनीला तक्रार लिहिली. दोन पानं. शीर्षक: उष्णतेमुळे मागील ॲक्सल वाकण्याबाबत. तापमानाचा तक्ता जोडला. शेवटी लिहिलं की एकोणीस वर्षांच्या अनुभवी ऑपरेटरलाच हे लक्षात येऊ शकतं, इतरांना येणार नाही. सुपरवायझरने फोनमधून डोकं वर न काढता सही केली. त्याच्यासमोर मी राजीनामा ठेवला असता तरी केली असती.

चष्मेवालीने टेबलावरचा कागद वाचला. म्हणाली, काका, हे पाठवू नका. मी म्हटलं, का? तुझं नाव नाही म्हणून? चष्मा पुसत राहिली. पोटात दुखतंय, दुसरं काय.

१६ मार्च, रविवार. रात्री

साडूकडे गेलो होतो. साडूभाऊ क्रेन चालवतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, बावीस वर्षं क्रेनच ऐकतोय. खाली सगळे मुंग्यांसारखे दिसतात म्हणे. मी फोर्कलिफ्टवर होतो म्हणून आजवर ऐकून घेतलं.

आज सुनावलं. टेलिहँडलर आला, सीट माझी, आणि कंपनीच्या इंजिनिअरना न सापडलेला दोष मी शोधून काढलाय. साडू म्हणाले, सीट मिळाली की मिळणार आहे? मी म्हटलं, शनिवारी या डोळ्यांनी बघायला. जेवायलाच या घरी, आधी साइटवर चक्कर.

रस्त्यात हिने विचारलं, का बोलावलंत त्यांना? नाही जमलं तर? मी खिडकीबाहेर बघितलं. बसमध्ये लोक होते.

१८ मार्च, मंगळवार

आता तिरक्या मशीनवर माझा हात असा बसलाय की काय सांगावं. डोळे मिटून अर्धा फेरा उजवीकडे. बोळातून दहा वेळा गेलो. एकदाही भिंत लागली नाही. दोषाला गुण करणारा माणूस शंभरात एक असतो, आणि बाकीचे नव्व्याण्णव या साइटवर कामाला आहेत.

परीक्षा दुपारी व्हावी अशी इच्छा. सकाळी गारव्यात मशीन सरळ असलं तर पंचाईत. सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, दहा वाजता. ठीक. आदल्या दिवशी मीच शेवटी चालवून ते तिरकं ठेवीन आणि सकाळी लवकर जाऊन उन्हात उभं करीन.

१९ मार्च, बुधवार

कंपनीचं उत्तर आलं. असा प्रकार त्यांनी आजवर ऐकलेला नाही, म्हणून त्यांचा सर्वांत जुना मेकॅनिक शनिवारी सकाळी येतोय. सहा तासांचा प्रवास करून!

मान मिळतो माणसाला. उशिरा मिळतो, पण मिळतो.

२१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी

नवा शर्ट. हिने बटणं घट्ट केली. दाढी उद्या सकाळी.

एक गोष्ट फक्त इथे लिहितो. मला ती सीट हवीय. फार हवीय. खालून वर बघत एकोणीस वर्षं गेली, आता वरून खाली बघायचंय. बस. एवढंच. उद्या होईलच ते.

२२ मार्च, शनिवार. सकाळी ८.१५

साइटवर पोचलो. चष्मेवाली अजून आलेली नाही, म्हणजे मशीनला हात लागलेला नाही. मशीन उन्हात उभं केलं. तिरकं चालतंय. सगळं योग्य.

२२ मार्च, शनिवार. दुपारी

काही लिहायचं नाही.

२३ मार्च, रविवार

शांतपणे लिहितो, म्हणजे कुणी उगाच तिखटमीठ लावून सांगायला नको.

मेकॅनिक साडेनऊला आला. म्हातारा, बारीक, हातात पिशवी. साडू, साडूंची बायको, ही, सुपरवायझर, सगळे गवंडी, असे सगळे होते. मीच बोलावले होते. सुपरवायझरने माझी तक्रार मोठ्याने वाचून दाखवली, दोन्ही पानं, तक्त्यासकट. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी पूर्ण वाचलं.

मेकॅनिक केबिनमध्ये चढला. पिशवी उघडलीसुद्धा नाही. बटण दाबून चार चाकांवर आणलं, स्टीअरिंग हळूहळू फिरवलं, मागची चाकं सरळ झाल्यावर एक हिरवा दिवा लागला, तसं बटण परत पुढच्या चाकांवर आणलं. मग मशीन अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन आणलं. सुतासारखं सरळ.

मिनिटभर लागलं असेल.

उतरून त्याने सांगितलं ते असं की खेकडा-चालीनंतर मागची चाकं वाकडी असतानाच बटण दाबलं, तर ती तशीच वाकडी अडकून राहतात. ऊन, पाऊस, थंडी, कशाचा काही संबंध नाही. मग विचारलं की सकाळी कोण सरळ करत होतं? सगळ्यांनी चष्मेवालीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. म्हणजे रोज सकाळी ही बाई माझी चाकं सरळ करून ठेवत होती आणि कुणाला बोलली नाही. असल्या गुपचूप वागण्याची मला चीड आहे.

मेकॅनिकने तक्रारीची एक प्रत मागितली. घरी दाखवायची होती म्हणे.

साडू हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. वर ढगांकडे बघत राहिले.

तरी मी खचलो नाही. ज्येष्ठ म्हणून पहिली पाळी माझी, असं मीच म्हणालो. बुडबुडा मधे आणला, सगळ्यांना दिसेल असा. पॅलेट उचललं. हात आखूड, विटा खाली, अगदी पुस्तकाप्रमाणे. बोळाच्या तोंडाशी आलो.

आणि हात. माझे हात. दोन आठवड्यांची सवय, त्यांनी आपणहून अर्धा फेरा उजवीकडे घेतला. मशीन आता सरळ होतं ना! ते आज्ञाधारकपणे उजवीकडे गेलं. मला सवयीने वाटलं, डावीकडे ओढतंय, म्हणून अजून थोडं उजवीकडे दाबलं. आधी भिंत खरवडली. मग भिंतीला लागून स्टँडवर पाण्याची टाकी होती, ती गेली.

हजार लिटरची. भरलेली. साडू टाकीशेजारी सावलीत उभे होते.

कुणाला लागलं नाही. भिजले फक्त. मेकॅनिकने धावत येऊन खालून हात हलवून मला थांबवलं. मी थांबलोच होतो.

चष्मेवाली नंतर बसली. पहिल्यांदा तिने खाली उतरून चारही चाकं बघितली. फिरून बघितली, दोनदा. मग बोळातून गेली, मागच्या अंगणात चार चाकांवर गिरकी घेतली, थांबली, चाकं सरळ केली, बुडबुडा मधे आणला, हात वर काढला आणि पॅलेट तिसऱ्या मजल्यावर ठेवलं. एक वीट हलली नाही. इतकी हळू, की पाहणाऱ्याला झोप यावी. गवंड्यांनी टाळ्या वाजवल्या. गवंड्यांना काय कळतं.

जेवण घरी झालं. साडूंना माझा जुना पायजमा घालायला दिला. आखूड झाला. जेवताना ते क्रेनबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मीठ पुढे करून विचारलं, हवंय का? इतका राग मला कधी आला नव्हता.

सगळे गेल्यावर ही शेजारी येऊन बसली. म्हणाली, दोन आठवडे सवय वाकडी पडली, दुसरं काही नाही, सुटेल. मी म्हटलं, विषय बदल. तिने बदलला. मग मलाच तो बदललेला विषय नकोसा झाला.

२५ मार्च, मंगळवार

सुपरवायझरने दुसरं काम बघितलं. सिग्नलमन. टेलिहँडलर बोळातून जाताना पुढे चालायचं, शिट्टी वाजवायची, हाताने डावं-उजवं दाखवायचं.

विचार केला तर ही बढतीच आहे. चालवणारी नुसती चालवणार, डोकं माझं. माझ्या शिट्टीशिवाय ते धूड इंचभर हलणार नाही. हिला सांगितलं. ही बरं म्हणाली आणि शिट्टीला दोरी ओवून दिली.

३१ मार्च, सोमवार

फोर्कलिफ्ट गेली. ट्रेलरवर चढवायला सुपरवायझरने मला विचारलं. मी म्हटलं, माझं काम आता सिग्नलचं आहे. मनात म्हटलं, जरा आग्रह करेल. त्याने फोनमधून डोकं वर न काढता चष्मेवालीला हाक मारली.

तिने चढवली. नीट चढवली. सीटवर माझी जुनी उशी होती, ती काढून घडी घालून मला आणून दिली. मी बाथरूमला गेलो. तिथे नळ सोडून उभा राहिलो बराच वेळ.

२ एप्रिल, बुधवार. सकाळी

आज सिग्नलमन म्हणून पहिला दिवस. शिट्टीचे प्रकार ठरवलेत. एक लांब म्हणजे थांब. दोन आखूड म्हणजे चल. तीन म्हणजे चाकं बघ. चष्मेवालीला अजून काही सांगितलेलं नाही. काम करता करता शिकेल, हाताखालच्या माणसाला असंच घडवायचं असतं.

२ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ६

चौदा फेऱ्या झाल्या. चौदाही सरळ. प्रत्येक वळणावर मी शिट्टी वाजवली, प्रत्येक वेळी तिने बरोबर तेच केलं. गाल दुखतायत. सिमेंटवाल्या गड्याला म्हटलं, बघितलंस? मशीन आता माझ्या तोंडावर चालतं.

तो म्हणाला, काच बंद असते हो. इंजिन चालू असलं की आत काही ऐकू जात नाही.

मी जाऊन बघितलं. खरं आहे. चष्मेवाली केबिनमध्ये होती, काच लावलेली. मी खालून तोंडाशी हात धरून जोरात वाजवली. तिने मान वळवली नाही. मग निघताना मी दिसलो तशी काच खाली केली आणि विचारलं, काका, तुम्ही काही म्हणत होतात का?

मी म्हटलं, नाही.